तिथी बघून निघा : अलिबाग ते हर्णै, पाच माणसं, पाच दिवस

अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही पहिल्यांदा सहकुटुंब पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि कुलाबा किल्ल्याभोवती पाणीच पाणी होतं. "किल्ल्यात चालत जाता येतं" असं मुलांना महिनाभर सांगून ठेवलेलं. थोरला माझ्याकडे असा बघत होता, जसा काही समुद्र मीच भरून ठेवलाय. मग त्याची समजूत काढायला वाळूवरच्या चारचाकी मोटारसायकलची फेरी, धाकटीसाठी घोडा, दोघांना केळ्याच्या आकाराची ती बोट. तासाभरात दीड हजार रुपये गेले. शहाळी विकणाऱ्या मावशी सुटे पैसे परत देता देता म्हणाल्या, "आज बीज ना? मग दीडला दर्या भरलेलाच असणार. कॅलेंडर बघून नाही का निघायचं?"

त्यानंतर आम्ही पाचजण (आम्ही दोघं, दोन मुलं आणि माळकरी सासूबाई) तीनदा कोकणात गेलो, तिन्ही वेळा कॅलेंडर बघून. किनाऱ्यावरच्या ज्या गोष्टींना पैसे पडतात त्यातल्या बऱ्याचशा समुद्र चुकीच्या वेळी गाठल्यामुळे कराव्या लागतात. वेळ साधली तर किनाराच दिवसभर पुरतो. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन पहिल्यांदाच किनाऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी तिथी, मग तारीख

मावशींनी सांगितलेला हिशेब असा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. बीज म्हणजे 2, त्याची पाऊणपट दीड. म्हणजे रात्री दीडला आणि दुपारी दीडला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी : सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा झाली की वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून येते, म्हणून ही पाऊणपट. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. मोबाइलवर त्या त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, तो निघायच्या आदल्या दिवशी ताडून पाहा. पण सहल दोन महिने आधी ठरवताना हा तोंडी हिशेब फार कामाला येतो.

दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती : पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. ओहोटीला चालत किल्ल्यात जायचं असेल तर भांगाचे दिवस टाळावेत.

या दोन्ही गोष्टी जुळवून आम्हाला सोयीचा वाटलेला मुहूर्त म्हणजे पंचमीला निघायचं. पंचमीची ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. पहाटे पुणं सोडलं तर कुलाब्याला वेळेत पोचता येतं, आणि पाणीही बऱ्यापैकी मागे गेलेलं असतं. षष्ठी-सप्तमीला ओहोटी साडेदहा-सव्वाअकराला येते, तीही पुढच्या ठिकाणांना सोयीची. पंचमी महिन्यातून दोनदा येते, तेव्हा त्यातली रविवार-सोमवारच्या जवळची निवडा. कार्तिक शुद्ध पंचमी दर वर्षी दिवाळीच्या सुटीत येते हे खरं, पण भाऊबीजेनंतर निम्मा महाराष्ट्र कोकणात असतो आणि खोल्यांचे भाव दुप्पट. नाताळ ते नववर्ष हा आठवडाही तसाच. मधल्या वारी गेलात तर घरमालकही निवांत असतो आणि दोन गोष्टी जास्त सांगतो.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. रस्ता तेव्हा सुंदर दिसतो, पण मुलांना घेऊन केलेली ही सहल तेव्हाची नाही. डिसेंबर-जानेवारी हवा छान आणि पोपटीचा, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा, मोसम. फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं. मे महिन्यात आंबे आणि घामाच्या धारा.

खर्च कुठे होतो

आमच्या शेवटच्या खेपेला सगळं मिळून बावीस हजारांच्या आत झालं. त्यात चार मुक्कामांचे आठ हजार : घरगुती निवासात एक मोठी खोली, दोन गाद्या जास्तीच्या. जेवणाखाणाचे दिवसाला दीड हजारांच्या आसपास. पुण्याहून निघून पुण्यात परत असे सहाशे किलोमीटर झाले, त्याचं चाळीस लिटर पेट्रोल. उरलेले होड्या, फेरीबोटी, तिकिटं, टोल आणि अर्थात आइस्क्रीम.

वाचवायची जागा म्हणजे मुक्काम. समुद्रासमोरच्या खोलीला जास्त पैसे मोजू नका. तुम्ही दिवसभर समुद्रावरच असणार आणि रात्री काळोखात तो दिसत नाही. गावातलं, वाडीतलं घर घ्या. दिवेआगर, केळशी, मुरूड इथं नारळी-पोफळीच्या बागेत घरं आहेत. समुद्र पाच-दहा मिनिटं चालत. फोनवर तीनच प्रश्न विचारा : गाडी आत लागते का, जेवण घरचं का, आणि शाकाहारी वेगळं मिळेल का. जेवण सांगितल्याशिवाय बनत नाही हे शहरातल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. रात्रीचं जेवण सकाळीच सांगायचं, आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. आयत्या वेळी कोणी चूल पेटवणार नाही.

गाडीत पाच लिटरचा साध्या पाण्याचा एक कॅन कायम भरलेला ठेवा. वाळूचे पाय धुवायला किनाऱ्यावर पैसे द्यावे लागतात आणि रांगही असते. सुट्या नोटा घ्या, होडीवाल्याकडे रेंज असेलच असं नाही. पेट्रोल जंजिऱ्याजवळच्या मुरूडला आणि श्रीवर्धनला भरून घ्या, पुढे बघू म्हणू नका. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. कितीही लोक नेताना दिसले तरी नाही. चाक रुतलं की भरती थांबत नाही आणि ट्रॅक्टरवाला सांगेल ती किंमत.

पहिला दिवस : कुलाबा आणि कोर्लई

पुण्याहून खोपोली-पेणमार्गे अलिबाग साधारण 145 किलोमीटर, मुंबईहून रस्त्याने शंभरच्या आत. पहाटे साडेचारला निघा, न्याहारीचा डबा बरोबर घ्या आणि थेट किनाऱ्यावर जा. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट बोटीनेही येता येतं, पण गाडीचं भाडं पाहता स्वस्त सहलीच्या हिशेबात ते बसत नाही.

ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला लागायचं आणि पाणी उलटायच्या आत परत यायचं. किती वाजेपर्यंत परतायचं हे किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेत अर्ध्या तासाची काटछाट करा. घोडागाड्या असतात. सासूबाईंना आम्ही त्यात बसवलं, बाकीचे पायी. चप्पल हातात, घोट्यापर्यंत पाणी, मधेच खडक. मुलांना किल्ल्यापेक्षा हा रस्ताच जास्त आवडतो. किल्ला पुरातत्त्व खात्याचा असल्याने थोडं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही.

आत गेल्यावर मुलांना एक काम द्या : तटाच्या दगडांमध्ये चुना शोधायचा. सापडत नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि निघून जातं. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात, 1680 मध्ये, हा किल्ला बांधायला घेतला आणि पुढे आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं ठाणं झाला. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याची पुष्करणी. आमच्या धाकटीने ते पाणी बोटाने चाखून बघितलं. तुम्ही चाखू नका, पण असं का होतं यावर वाटेभर वाद घालता येतो.

परत येताना गावात वेधशाळेची पाटी दिसेल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला आणलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. आत फिरायची ती जागा नव्हे, गाडीतून जाता जाता सांगायची गोष्ट आहे.

फेब्रुवारीनंतर गेलात तर रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. तिखट अजिबात नाही. एक माळ घ्या, पाच दिवस प्रत्येक जेवणाला पुरते.

दुपारी चौल-रेवदंड्यावरून कोर्लईला. दीपगृहाचा रस्ता कोळीवाड्यातून जातो आणि इतका अरुंद आहे की समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. दीपगृहं पाहुण्यांना बहुधा दुपारनंतरच उघडी असतात, तिकीट किरकोळ. तिथूनच पायऱ्यांनी वर पोर्तुगीजांचा किल्ला. डोंगराची लांबुळकी सोंड समुद्रात घुसलेली आहे, त्यामुळे वर उभं राहिलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी. खालच्या कोर्लई गावातली काही कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजवळणाची बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज इथून 1740 मध्ये गेले. भाषा राहिली.

मुक्काम काशिदला करू नका. पांढरी वाळू, खेळांच्या बोटी, उंटही, आणि सगळ्याचे पैसे. पुढे नांदगाव किंवा मुरूडला जा.

दुसरा दिवस : जंजिरा, आणि दोनशे रुपयांचं जहाज

राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी आठ-साडेआठला पोचा. दहानंतर बसगाड्या येतात आणि दोन तासांची रांग लागते. शिडाच्या होडीतून जाता येतं. वारा धरला की शीड फुगतं आणि मोटरच्या आवाजाशिवाय होडी सरकायला लागते, तेवढ्यासाठी तरी जावं. किल्ल्याच्या दाराशी होडी हेलकावे खात असताना पायरीवर उडी घ्यावी लागते. लहान मुलाला स्वतः उचलू नका, होडीवाल्याच्या हातात द्या, त्याचा तोल तुमच्यापेक्षा चांगला आहे. सासूबाई राजपुरीत चहाच्या टपरीवर थांबल्या आणि तिथल्या तीन बायकांची कुळकथा ऐकून आल्या.

होडीवाला किल्ल्यात पाऊण तासच देतो. त्यात सगळं बघायच्या मागे लागू नका. दारावरचं शिल्प, कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा गोल तलाव एवढं पुरे. मराठ्यांना हा सिद्दीचा किल्ला कधी जिंकता आला नाही, आणि त्याला शह म्हणून महाराजांनी समोरच बांधलेला पद्मदुर्ग मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो. संध्याकाळी मुलांना दोन्ही दाखवून विचारा, तुम्ही कुठून हल्ला केला असता. आमच्याकडे ही लढाई रात्रीच्या जेवणापर्यंत चालली होती.

मुरूडच्या उत्तरेला फणसाडचं अभयारण्य आहे. शेकरू दिसलं तर नशीब. पहाटे उठणारी मुलं असतील तरच जा.

आता जंगलजेटी. खाडी ओलांडणाऱ्या, गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट फेरीबोटीला इकडे हेच नाव पडलंय. आगरदांड्याहून दिघीला पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. गाडीचे साधारण दोनशे रुपये आणि माणशी वीस-तीस. रस्त्याने वळसा घालायचा तर त्याहून कितीतरी जास्त पेट्रोल जातं. गाडी उलटी चढवायची की सरळ, हे तिथला पोऱ्या हाताने सांगतो, त्याच्याकडे बघा, आरशात नको. गाडी लावली की हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि सगळे खाली उतरून कठड्याशी या. एसटीची बस, दोन मोटारसायकली, कोंबड्यांचा टेम्पो आणि आपण, सगळे एका फळीवर तरंगतोय. धाकटी अजूनही विचारते, "आपण कारने समुद्रावर गेलो होतो ना?" मोठ्या शहरांत 'क्रूझ' म्हणून हजार रुपये घेतात, त्यापेक्षा हे बरं. शेवटची फेरी किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर वळसा नक्की.

दिघीहून दिवेआगर जवळच. तिथं मुक्काम.

दिवेआगर : इथं दोन रात्री काढल्या तरी चालेल

चार-पाच किलोमीटर लांब, सपाट किनारा, पाठीशी सुरूचं बन. षष्ठीला संध्याकाळी साडेचारला भरती, म्हणजे त्यानंतर पाणी मागे जाऊ लागतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या : पाणी ओसरत असताना डुंबायला जाऊ नये, ओढ आतल्या बाजूला असते. गुडघ्याच्या वर नाही, आणि मुलांचा हात सोडायचा नाही. हे कोकणातल्या सगळ्या किनाऱ्यांना लागू आहे.

त्याऐवजी ओल्या वाळूवर उकिडवे बसा. वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतील, हजारो, आणि त्यांची नक्षी एका भोकातून किरणांसारखी फाकलेली. ते भोक म्हणजे बारक्या खेकड्याचं घर. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं चोखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पावलांचा धक्का लागला की सगळे एकदम आत. पुतळ्यासारखं बसून राहिलं तर दोन-तीन मिनिटांत पहिला बाहेर येतो, नखाएवढा, आणि पुन्हा कामाला लागतो. ज्या मुलाला घरी दोन मिनिटं गप्प बसवत नाही, ते इथं अर्धा तास श्वास रोखून बसलेलं मी पाहिलंय. पुढच्या भरतीला सगळी नक्षी पुसली जाते आणि मग पुन्हा तेच. याला तिकीट नाही.

जेलीफिश वाळूवर पडलेला दिसला तर मेलेला आहे म्हणून हात लावू देऊ नका. जिवंत शंख पिशवीत भरून आणू नका. गाडीत दुसऱ्या दिवशी वास सुटतो, हे आम्ही शिकलो.

गावात सुवर्णगणेशाचं मंदिर आहे. 1997 मध्ये बागेत जमिनीखाली सोन्याचा मुखवटा सापडला, 2012 मध्ये तो चोरीला गेला, आणि जप्त झालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची 2021 मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. शेजारच्या रूपनारायण मंदिरातली विष्णूची मूर्ती मात्र लोक घाईत बघायची विसरतात. काळ्या दगडातली आहे, सावकाश बघा.

थंडीत गेलात तर पोपटी. रायगडातला हा प्रकार हॉटेलात बरा लागत नाही, तो अंगणातच. घरमालकांना आदल्या दिवशी सांगा, ते मडकं आणि भांबुर्डीचा पाला आणून ठेवतात. मुलांना पाला तोडायला बसवा. मडक्याच्या तळाशी पाला, मग वालाच्या शेंगा, त्यात ओवा, जाडं मीठ, अख्खे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेलं कोंबडीचं मांस केळीच्या पानात गुंडाळून. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारायचे. चर्र होऊन क्षणात उडून गेले की झालं. जाळ ओढायचा, मडकं काठीने आडवं करायचं आणि सगळं पेपरावर ओतायचं. सासूबाईंसाठी आम्ही नुसत्या शेंगा-बटाट्यांचं दुसरं, लहान मडकं लावलं. धुराचा आणि त्या पाल्याचा वास केसांत दोन दिवस राहतो. पाच माणसांचं पोट भरलं आणि खर्च आला बाहेरच्या एका जेवणाच्या निम्मा.

तिसरा दिवस : सगळ्यात सुंदर वीस किलोमीटर, आणि हरिहरेश्वर

दिवेआगरहून श्रीवर्धनला दोन रस्ते आहेत. नकाशा आतला दाखवेल. तुम्ही आरावी-शेखाडीवरून किनाऱ्याचा घ्या. वीसेक किलोमीटरभर समुद्र उजव्या हाताला इतका जवळ की काच खाली केली तर आवाज येतो. थांबायला जागा भरपूर, पण वळणावर गाडी उभी करू नका. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, आणि रोठा सुपारीचं. आडकित्ता वापरणारं कोणी घरात असेल तर पावशेर घ्या.

सप्तमीची ओहोटी सव्वाअकराच्या सुमाराला. साडेदहापर्यंत हरिहरेश्वरला या. देवळामागून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने डोंगराला प्रदक्षिणा घालता येते, ओहोटी असेल तरच. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडक असा कोरलाय की मधमाश्यांचं पोळं वाटावं, कुठे जाळी, कुठे वाट्या. वाट्यांत अडकलेल्या पाण्यात बारके मासे असतात. पण सप्तमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फार मागे जात नाही, आणि इथं लाट अचानक येते. या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत. देवळातल्या माणसाने "आज नको" म्हटलं तर वरूनच बघा. कडेच्या शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी कोणीही जाणार नाही हे गाडीतच ठरवून घ्या. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्याचं आइस्क्रीम बंद, आणि तो नवऱ्यालाही लागू झालाय.

इथून बागमांडला चार-पाच किलोमीटर. दुसरी जंगलजेटी, सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी. रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू. बाणकोटचा किल्ला वाटेतच, गाडी जवळपर्यंत जाते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असाल तर मुक्काम वेळासला करा. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी कुंपणात जपून ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडतात. गावातल्या घरांतच राहायचं, जेवायचं, अंगतपंगत. पिल्लं दिसतीलच अशी खात्री कोणी देत नाही. आमच्या पहिल्या सकाळी एकही नव्हतं, संध्याकाळी सात निघाली. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश नाही, आरडाओरडा नाही. इतर महिन्यांत सरळ केळशीला जा.

चौथा दिवस : केळशी, आंजर्ले आणि हर्णैचा बाजार

सकाळी केळशीची वाळूची टेकडी आणि महालक्ष्मी, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. देवळाच्या पटांगणातून खाली खाडी, माडांच्या रांगा आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. तिथल्या सावलीत दुपारचा डबा खाल्ला तर ऊन टळतं. या दिवशी एवढंच करा, कारण चारच्या आत हर्णै बंदरात पोचायचंय.

लिलाव सकाळी आणि संध्याकाळी असतो. मोठ्या होड्या आत पाण्यात उभ्या राहतात, लहान होड्यांतून मासळी काठावर येते, आणि वाळूवरच ढीग मांडून बोली सुरू होते. कोळंबी, बांगडे, सुरमई, हलवा, मधेच एखादा शेपटीने मोजावा असा मुशी. बोली बोलणारा इतक्या वेगात आकडे फेकतो की थोरला, जो पाढे म्हणायला रडतो, तो कोण कितीला थांबलं ते बोटांवर मोजत होता. लिलावात तुम्ही उतरू नका, तिथं पाट्याच्या पाट्या विकल्या जातात. बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा तुकतुकीत आणि पोट दाबलं तर परत वर यावं. निम्म्या किमतीला मागू नका, ती हसते आणि मग तुमच्याशी बोलतच नाही. दहा बांगडे घेतले, तिने दोन वर टाकले. मुक्कामाच्या घरी आधी सांगून ठेवलं असेल तर साफ करून, रांधून देतात, मजुरी तेवढी द्यायची. सासूबाईंनी त्या घरी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी मागितली, आणि शेवटी मुलांनी बांगडे सोडून तेच खाल्लं.

जुने बूट घाला. बंदरातला चिखल धुतला तरी वास जात नाही. आणि फोटो काढण्याआधी विचारा, ती माणसं कामावर आहेत.

पाचवा दिवस : परत

मुक्काम मुरूड किंवा कर्द्याला. हे दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. नकाशात नाव टाकताना दोन्हींत गफलत होते. महर्षी कर्व्यांचं हे गाव. सकाळी डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या निघतात. आम्ही एकदा गेलो, दोन पाठी दिसल्या, धाकटीला वाटलं ते टायर आहेत. जायचं असेल तर आधी भाव ठरवून.

दापोलीत कृषी विद्यापीठाची रोपवाटिका आहे. कोकम आगळ, आंबापोळी, रोपं, जे हवं ते तिथून घ्या, रस्त्यावरच्या दुकानांपेक्षा बरं. मिरीचं एक रोप आम्ही चार वर्षांपूर्वी आणलं, पुण्याच्या बाल्कनीत जगलंय.

दोन दिवस हातात असतील तर परत फिरू नका, दाभोळहून धोपाव्याची जंगलजेटी घ्या आणि गुहागरला जा. तिथं हिशेब उलटा होतो. हेदवीच्या बामणघळीत खडकाच्या अरुंद फटीतून पाणी उंच उसळतं, ते बघायला भरतीच हवी. एकादशीला भरती सकाळी सव्वाआठला, बरोबर जमतं. पुढे तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा रस्ता धरून रत्नागिरी. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला शांत आहे, त्यात उतरू नका.

नाहीतर दापोली, मंडणगड, महाड, माणगाव आणि ताम्हिणी. मंडणगडपर्यंत वळणं फार, मागच्या सीटवरच्यांना जेवल्या जेवल्या बसवू नका. अकराला निघालात तर ताम्हिणी उजेडात चढून होते. काळोखात, धुक्यात आणि झोपलेली चार माणसं घेऊन तो घाट चढायची हौस आम्हाला एकदाच पुरली.